आडवे-उभे अण्णा

मराठी पेपरातल्या शब्दकोड्याला अण्णा हात लावत नाहीत. "सूर्य, दोन अक्षरं. ह्याला काय कोडं म्हणायचं? ही दुसरीची तोंडी परीक्षा." त्यांना लागते हैदराबादकडून येणाऱ्या 'द हिंदू'तले इंग्रजी गूढ कोडे. हळ्ळीखेड (बी)च्या हॉटेलात त्यांची बैठक. पेपर हॉटेलचा, पेन्सिल स्वतःची आणि चहा जो समोर सापडेल त्याचा.

"काय करूलालाव अण्णा?" असे नवख्याने विचारले की तो अडकलाच.

सीमाभागातल्या बहुतेक गावांत असा एक निवृत्त मास्तर असतोच. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. दिवसाला तीन भाषा बोलणाऱ्याला शब्दाचा भरवसा नसतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. अण्णांचे म्हणणे, आपले गावच मुळात एक कोडे आहे. "हळ्ळी म्हणजे कन्नडात गाव, खेड म्हणजे मराठीत गाव. एकाच उत्तराच्या दोन व्याख्या शेजारी ठेवल्यात. वर कंसात बी, म्हणजे बुजुर्ग. पेपरवाले कंसात अक्षरं मोजतात, आपण वय सांगतो."

कोड्याचा इतिहास त्यांना कुलवृत्तांतासारखा पाठ. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनने पहिले कोडे छापले. तो सरळ माणूस. वाकडेपणा पुढे इंग्रजांनी आणला. त्यांच्यातल्या पॉइस मॅथर्सने 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचायला टोपणनाव घेतले ते टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनमध्ये लोकांचा छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्याचे. अण्णा हे नाव आदराने घेतात. हॉटेलातल्या पोराला ते पोटाचे औषध वाटते.

नियम एवढाच, की वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्यात अक्षरांची फिरवाफिरवी. वाक्य वरून जे सांगते त्यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. या नियमाने अण्णा आता मराठीत कोडी पाडतात. "कारखान्यातला रस उलटला, मास्तर हजर. दोन अक्षरं." उत्तर: सर. "नदी उलटी वाहिली, माणूस गरीब झाला." दीन. आणि त्यांची सर्वश्रेष्ठ कामगिरी: "गरिबी दरवर्षी लपवते जिल्हा. तीन अक्षरं." गरिबीतली बी, दरवर्षीतला दर, झाले बीदर. हे जमले त्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजला. कोडे लोक विसरले, चहा नाही.

सीमाप्रश्नाला मात्र ते कोडे म्हणत नाहीत. "१९५६ पासून चाललंय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं."

इथवर ठीक. पण वरच्या अर्थावर अविश्वास ही सवय हॉटेलात ठेवून घरी येता येत नाही. काकू म्हणाल्या, "साखर संपली." अण्णा भिंतीकडे पाहत म्हणाले, "संपली, म्हणजे शेवट गेला. र गेला. साख उरली." काकू म्हणाल्या, "मग त्या साखेवर किलोभर उधार आणा." माझ्या मते त्या घरात खरे कोडे काकूच घालतात, पण त्यांना कुणी पेन्सिल दिलेली नाही.

कहर झाला तो पुतणीच्या बैठकीत. मुलाकडची मंडळी सभ्य. पोहे झाले, पत्रिका जुळली. मुलाचे मामा हात जोडून म्हणाले, "आम्ही काही मागत नाही." मुलीच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. "मागत. मागं. 'काही' मागून वाचा," त्यांनी सगळ्यांना समजावले, "हीका. ही का? मुलगी पसंत नाही यांना!"

बैठक गार. मामांनी पिशवी उचलली. मुलगी आतून ओरडली, "काका, गप्प बसा की ओ!" ह्या वाक्यात मात्र अण्णांना दुसरा अर्थ सापडला नाही. मामांना परत बसवायला आणखी दोनदा पोहे करावे लागले.

लग्न झाले. सध्या धाकटीसाठी स्थळे येतात. पाहुणे येण्याआधी अण्णांना मागच्या खोलीत बसवतात, पेपर देतात आणि आडवे-उभे सगळे भरल्याशिवाय बाहेर यायचे नाही, असे बजावतात. पेन्सिलीला टोक नसल्याची खबरदारी काकू घेतात.