कॉस्टिक सोड्याविना साबण

चहा घ्या आणि शांतपणे ऐका, कारण ही वेळ उद्या तुमच्यावरही येऊ शकते.

पुण्यात साबण बनवण्याची कार्यशाळा होती. माझ्या मित्राने मला न विचारता दोघांचे पैसे भरले. "अरे, रविवारी घरी बसून करतोस काय?" एवढाच त्याचा युक्तिवाद. माझ्या हिश्शाची वसुली मात्र त्याने त्याच संध्याकाळी केली.

साबण कसा होतो हे आपण शाळेत शिकलोय. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. खोबरेल तेलाला सोडा जास्त लागतो, ऑलिव्हला कमी. साच्यातून काढलेल्या वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्यायच्या. मी पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून, पूर्ण तयारीने गेलो होतो.

तिथे सोडा नव्हता. तेलाचा थेंब नव्हता. टेबलावर पांढऱ्या साबणाची तयार लादी होती. ती पनीरसारखी कापायची, मायक्रोवेव्हमध्ये वितळवायची, रंग आणि मोगऱ्याचा वास टाकून साच्यात ओतायची आणि बुडबुडे जावेत म्हणून वरून अल्कोहोल फवारायचं. तासाभरात साबण तयार! अहो, तो आधीच तयार होता. आम्ही फक्त त्याचा आकार बदलला.

मी रीतसर विचारलं, "मग यात आपण नक्की काय बनवलं?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही एन्जॉय करा ना!" मित्राने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माझा प्रश्न अद्याप प्रलंबित आहे.

आकारातही अन्याय झालाच. चौकोनी साचे पुढच्या रांगेने पळवले, माझ्या वाट्याला बदाम आला. बदामाचं टोक आंघोळीच्या वेळी बरोबर काखेत टोचतं. त्यात घातलेल्या गुलाबाच्या पाकळ्या तपकिरी पडल्या. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळी हवेत त्या वडीला दरदरून घाम फुटतो. मित्र मात्र घरी आलेल्या प्रत्येकाला स्वतःची वडी दाखवून "मी बनवलाय" असं सांगतो, आणि मी साक्षीदार म्हणून शेजारी बसायचं.

सगळ्यात गंभीर बाब पुढेच आहे. शेवटी प्रमाणपत्रं वाटली आणि "आता घरबसल्या व्यवसाय सुरू करा" असा सल्लाही दिला. शेजारच्या ताईंनी तिथेच दिवाळीच्या ऑर्डरींचा हिशोब मांडला. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 यांनुसार तो विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. याबद्दल संपूर्ण कार्यशाळेत अवाक्षर नाही. त्या ताईंनी उद्या बचतीतले पैसे घातले, तर जबाबदार कोण?

म्हणून कळकळीची विनंती आहे. मित्र कितीही जवळचा असो, पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: कॉस्टिक सोडा असणार का, आणि परवान्याची माहिती देणार का? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर दुकानातून चौकोनी वडी आणा आणि रविवारी घरीच बसा.