‘हाकला त्याला!’

हिंगोली जिल्ह्यात फुटबॉलचं मैदान शोधावं लागतं. फुटबॉलचा कोच हाकलणारा मात्र आपणहून भेटतो. वसमतला हळदीच्या मोंढ्यात, औंढ्याच्या बसस्थानकावर, हिंगोलीत रामलीला मैदानाच्या आसपास चहाच्या हॉटेलात. अंगात मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी, डोळ्यांत रात्रीच्या मॅचचं जागरण आणि तोंडी एकच निकाल: ‘हाकला त्याला!’ संघ एक मॅच हरला की तो कोचची अक्कल काढतो, दुसरी हरला की मानधन काढतो आणि तिसरीला उत्तराधिकारी नेमून मोकळा होतो. त्या उत्तराधिकाऱ्याची पहिली मॅच बरोबरीत सुटली की ‘याला कामून आणलं?’ हा सवालही त्याचाच. पेनल्टी खांबाला लागो की गोलकीपरच्या हातून चेंडू निसटो, आरोपपत्रात नाव एकाचंच.

माणूस खुळा नाही. अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, मालक तर बदलताच येत नाही; उरला कोच, हे त्याचं गणित आहे आणि मालकांचंही तेच असतं. गावच्या कारभारात मात्र हाच गृहस्थ कमालीचा सोशिक असतो, कारण कायद्यानेच त्याला सोशिक केलं आहे. महाराष्ट्रात थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. पुढेही तीन चतुर्थांश सदस्य जमवावे लागतात, शिवाय ग्रामसभेचा कौल लागतो. नळाला पाणी आणायला सरपंचाला दोन वर्षं बिनबोभाट देणारा हा नागरिक बचावफळी सावरायला कोचला दोन आठवडेही देत नाही.

आपल्याच इतिहासात डोकावलं तर त्याची पंचाईत होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असं धुतलं. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्या काळी मोबाइल असता तर आपल्या गड्याने रहीमसाहेबांना हेलसिंकीतच बेकार केलं असतं. पण ते टिकले. चार वर्षांनी मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २–१ ने हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हाही कोच रहीमच होते. आता त्या लाल जर्सीकडे वळू. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये कोच म्हणून युनायटेडला आले. तीन वर्षं करंडक नाही म्हणताच १९८९ च्या डिसेंबरात प्रेक्षकांतून त्यांना निरोपाचा फलक दाखवला गेला. १९९० मध्ये एफए कप आला, १९९३ मध्ये त्यांचं पहिलं लीग विजेतेपद आणि २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा अशी विजेतेपदं तेरा झाली होती. म्हणजे जी जर्सी घालून हा ‘हाकला’ म्हणतो, तिची किंमत न हाकलल्यामुळे वाढली आहे.

यावर त्याच्याकडे चेल्सीचं उत्तर तयार असतं: मार्च २०१२ मध्ये कोच विलास-बोआस यांना काढलं आणि मे महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या दि मातेओंनी चॅम्पियन्स लीग जिंकून दिली! खरं आहे. फक्त त्याच वर्षी नोव्हेंबरात दि मातेओंनाही काढलं, हे सांगताना त्याचा चहा संपलेला असतो. दुसरा दाखला गोव्याचा. २०२० मध्ये साखळीचे तीन सामने उरले असताना एफसी गोवाने कोच सर्जिओ लोबेरा यांना काढलं आणि तरी लीग शिल्ड जिंकली. जिंकणारच, संघ त्यांनीच बांधलेला होता. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. उपांत्य फेरीत त्यांनी गोव्यालाच पेनल्टींवर ६–५ ने घरी धाडलं आणि शिल्ड व करंडक दोन्ही मुंबईला दिले. शिवाय एरवी कोच बहुधा काढला जातो तो संघ तळाला गेल्यावर. तळाहून आणखी खाली जागा फारशी नसते, त्यामुळे पुढच्या दोन विजयांचं श्रेय नव्या माणसाला फुकटात मिळतं.

मग काय, कोचला जन्मभर पोसायचं? मुळीच नाही. खेळाडू त्याचं ऐकेनासे झाले, सरावात काही नवं घडेना, तरुण पोरं पुढे येईनात, तर निरोप द्यावाच. पण ही कारणं चार निकालांत दिसत नाहीत आणि गुणतक्त्यात तर नाहीतच. नुसता निकाल पाहून काढलेला प्रत्येक कोच ही त्याला नेमणाऱ्याच्या चुकीची कबुली असते. गंमत अशी की कोच जातो, नेमणारा खुर्चीतच राहतो आणि पुढचाही तोच नेमतो. म्हणून क्लबने धडपडणाऱ्या कोचच्या पाठीशी उभं राहावं. हिंगोली जिल्ह्यातल्या सरपंचाला मिळतात तेवढी दोन वर्षं तरी द्यावीत. आणि आपल्या जर्सीवाल्याला अगदीच राहवत नसेल, तर त्याने ‘हाकला’ जरूर म्हणावं, पण आधी ‘नेमला कोणी?’ एवढं विचारावं.