बुवांची पेटी दुबईला जाते

दुबईच्या गणेशोत्सवात भजनाचं आमंत्रण आलं आणि आमचे बुवा पेटी घेऊन गडहिंग्लजहून निघाले. मी टाळकरी, शिवाय पेशाने मास्तर, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे.

बसमध्येच मी त्यांना 1962च्या सीमाशुल्क कायद्याचं विसावं कलम ऐकवलं. देशाबाहेर गेलेली वस्तू परत आणली, की तशाच आयात मालाला लागणारा कर तिलाही लागू! सवलत मिळते, पण गेली तीच आली हे पटवून द्यावं लागतं.

"म्हंजे माझीच पेटी मला परदेशी?" बुवा कडाडले.

तोवर गाडी संकेश्वरला कर्नाटकात शिरली होती. निपाणी मागे टाकून कागलला पुन्हा महाराष्ट्रात आली, तसे बुवा विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा मास्तर, पेटी परमुलखात जाऊन आली. कुणी इचारलं काय?"

विमानतळावर मात्र विचारलं. जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, तेही सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी. कारण अधिकाऱ्याला वस्तू डोळ्यांनी बघायची असते.

"नंबर?" साहेबांनी पेन उघडलं.

"काळी दोन," बुवांनी आपली गायची पट्टी सांगितली.

साहेबांनी पेटीच्या काळ्या खोक्याकडे पाहिलं. "दोन? मला तर एकच दिसतेय."

कॅमेऱ्याला, लॅपटॉपला कारखान्याचा नंबर असतो. बुवांच्या पेटीला कुठला? मग खुणांचा शोध सुरू झाला. भात्याच्या डाव्या अंगाला चामड्याचं ठिगळ निघालं. ते श्रोत्यांना दिसू नये म्हणून बुवा वर्षानुवर्षं त्यावर उपरणं टाकत आले. आता ते सरकारी कागदावर शिक्क्यासह नोंदलं गेलं.

"भारतीय बनावटीचीच ना?"

"हार्मोनियम मूळचं पॅरिसचं..." मी ज्ञान पाजळायला गेलो आणि बुवांनी माझ्या पायावर पाय दिला.

रांगेत मागे प्रदर्शनाला निघालेले एक उद्योजक होते. त्यांच्याकडे एटीए कार्ने होतं, म्हणजे मालाचा पासपोर्टच. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते, तारण घेऊन, जास्तीत जास्त वर्षभरासाठी. तो दाखवला, की माल तात्पुरता नेलेल्या देशातही आयातकर भरावा लागत नाही. बुवांनी लगेच पिशवीतली संकेश्वरी मिरचीची चटणी पुढे केली. "हिलाबी काढा की एक!"

"खाऊन संपणाऱ्या वस्तूला कार्ने मिळत नाही," उद्योजक म्हणाले. चटणी तर दुबईच्या पहिल्याच पंगतीत संपली.

परतताना बुवा कागद छातीशी धरून लाल मार्गाने गेले. अधिकाऱ्याने खोकं उघडलं, ठिगळ पाहिलं, कागद पाहिला आणि पेटी सोडली. वाद नाही, कर नाही. बुवांना जरा वाईटच वाटलं; भांडणाची सगळी तयारी वाया गेली.

तेव्हा कलावंतहो, कारागीरहो, हत्यारं घेऊन परदेशी निघालात तर हाताशी वेळ ठेवून पोचा, बिल आणि फोटो जवळ ठेवा आणि कस्टमचा कागद जातानाच घ्या. नंबर नसेल, तर ठिगळ लपवू नका.