हवा काढणारे काका

मुंबईची माणसं किहीमला हवा खायला येतात. बंगलेवाले काका हवा काढायला येतात. शनिवारी सकाळी गेटवेहून मांडव्याची बोट, चोंढी नाक्यावर पाव-अंडी, आणि फाटकातून शिरताच राखणदाराला पहिला प्रश्न, "गरम नळाला धार कशी आहे?"

हे वेड लागलं इंग्लंडात. मुलाकडे काका एक हिवाळा राहून आले. तिथे भिंतीभिंतीला रेडिएटर, त्यांतून बॉयलरचं पाणी फिरतं. रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागला, तर वर हवा अडकली समजायची. छोट्या किल्लीने वरचा स्क्रू जरा सैल करायचा, फुस्स आवाज संपून पाणी ठिबकलं की बंद करायचा आणि बॉयलरचा काटा एक ते दीड बारवर आहे ना, ते बघायचं. म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून सुनेने किल्ली हाती दिली. काका ती घेऊनच परतले. किहीमच्या बंगल्यात रेडिएटर नाही, ही त्यांच्या लेखी किरकोळ अडचण.

खरं सांगायचं तर काकांचं निदान चुकत नाही. गच्चीवरची सोलरची टाकी न्हाणीघराच्या नळापासून जेमतेम तीन मीटर वर. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे इथे पाव बारच्या आसपास. त्यात प्लंबरने पाइपाला मध्येच उंचवटा दिलेला. तिथे हवा धरली की एवढ्याशा जोराला ती ढिम्म हलत नाही.

राखणदाराला उपाय ठाऊक आहे. मिक्सरचं तोंड तळहाताने दाबायचं आणि दोन्ही कॉक उघडायचे. थंड लाइनला पंपाचा जोर असतो, तो गरम लाइनीतली हवा मागे रेटतो. दोन मिनिटांचं काम. पण आधी काकांचं व्याख्यान होतं, मग गच्चीची वारी. सलीम अलींनी 1930 साली याच किहीममध्ये सुगरणींची घरटी निरखली; काका त्याच निष्ठेने व्हेंट पाइप निरखतात. त्यात एकदा कुंभारीण माशीचं घर सापडलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

"शेठ, पाणी आलं," खालून राखणदार ओरडतो.

"आलं कसं? मी अजून किल्ली लावली नाही!"

इतक्या वर्षांत काकूंनी समुद्र पाहिला, काकांनी टाकी.

किहीमला बंगला बांधणार असाल, तर टाकी चांगली उंच ठेवा, पाइपाला उंचवटा देऊ नका आणि व्हेंटला जाळी लावा. शॉवरची धार बारीक झालीच, तर निदान शेजारी बोलू नका. काका बोलावल्याशिवायही येतात.