वालधुनीला समितीवर घ्यावे

महानगर प्रदेशाच्या अभ्यासकाला ‘एकात्मिक नियोजन’, म्हणजे शेजारशेजारच्या शहरांचे पाणी, रस्ते, सांडपाणी व जमीनवापर यांचा एकत्र विचार, समजून घ्यायचे असेल, तर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याइतके सोयीचे क्षेत्र नाही. येथे सर्व घटक हजर असून त्यांची एकमेकांशी ओळख तेवढी व्हायची आहे. 1983 मध्ये अंबरनाथ व बदलापूर कल्याण महापालिकेत घालण्यात आले आणि 1992 मध्ये, महानगरांसाठी सामायिक नियोजन समिती असावी असे सांगणारी 74वी घटनादुरुस्ती संसदेने संमत केली त्याच वर्षी, बाहेर काढण्यात आले.

पाण्याची व्यवस्था याहून शास्त्रशुद्ध आहे. बारवी धरण बदलापूरजवळ असून ते एमआयडीसीचे, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचे, आहे; उल्हासनगर एमआयडीसीकडून पाणी विकत घेते, तर अंबरनाथ-बदलापूरला ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. त्यामुळे कल्याण-बदलापूर रस्त्यालगत एखादा व्हॉल्व्ह फुटून कारंजे उडाले, की जलवाहिनी कोणाची, रस्ता कोणाचा व हद्द कोणाची हे ठरेपर्यंत आसपासच्या चाळींचे हंडे भरून धुणीही वाळत पडलेली असतात.

नियमितीकरणासाठी, म्हणजे विनापरवाना इमारत दंड भरून घेऊन कायदेशीर ठरवण्यासाठी, 2006 मध्ये एकट्या उल्हासनगरकरिता स्वतंत्र कायदा झाला आणि नकाशा आधी, इमारत नंतर हा जुनाट क्रम निकालात निघाला. बदलापूरकडे पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी जेथवर चढते ती नकाशावरील रेघ, हा विषय आहे. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, तेव्हा उल्हास नदीने या रेघेवर आपली हरकत नोंदवली होती, मात्र हरकती-सूचनांच्या मुदतीत ती आली नाही.

अपवाद फक्त वालधुनी नदीचा. अंबरनाथचे रासायनिक सांडपाणी व उल्हासनगरचा मैला हद्दीचा वाद न घालता कल्याणपर्यंत नेण्याचे खरे प्रादेशिक कार्य ती करते. तेव्हा महानगर नियोजन समितीवर तिलाच घ्यावे. समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य लोकप्रतिनिधींमधून निवडायचे असल्याने वालधुनीच्या नेमणुकीवर ती निवडून आलेली नाही असा आक्षेप येईल. परंतु 2020 मध्ये मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिकांतही निवडून आलेले कोणी नव्हते, आणि वालधुनी निदान रोज कामावर हजर होती.