एका अक्षराची बडतर्फी

(नाशिकचा द्वारका चौक. उड्डाणपुलाखाली खोळंबलेली शहर बस.)

निवृत्त अव्वल कारकून : बाळ, मघापासून तू वहीत रोमन लिपीत 'द्वारका' लिहितोस आणि त्यातले दोन्ही 'ए' खोडतोस, आमच्या कचेरीत एवढी खाडाखोड झाली असती, तर तत्काळ लेखी खुलासा मागवला गेला असता.

संगणकाचा विद्यार्थी : काका, सी भाषेत नुसते खोडून भागत नाही. मधले अक्षर काढले, तरी त्याची जागा शिल्लकच राहते. मागच्यांना एकेक करून पुढे आणावे लागते.

कारकून : म्हणजे एकाची बडतर्फी आणि मागच्या यच्चयावत मंडळींची बढती! ही भाषा सरकारदरबारी पूर्वीच रुजू व्हायला हवी होती. पण हे सरकवतो कोण?

विद्यार्थी : कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात 'स्क्वीझ' नावाचे फंक्शनच आहे. 'आय' प्रत्येक अक्षरावरून जातो. 'जे' मात्र नकोसे अक्षर वगळून उरलेलीच नोंदवतो, आणि नोंद झाली तरच पुढे सरकतो.

कारकून : 'आय' तपासनीस, 'जे' लेखनिक. बिनचूक व्यवस्था!

विद्यार्थी : शेवटी 'जे'च्या जागी शब्द संपल्याचे शून्य मांडले तर. ते राहिले, तर छापून येते डी, डब्ल्यू, आर, के, के, ए.

कारकून : हरहर! बडतर्फ 'ए' पुन्हा हजेरीपटावर, आणि 'के'च्या नावे दुहेरी पगार!

विद्यार्थी : शिवाय अवतरणातल्या मूळ शब्दाकडे नुसता पॉइंटर रोखून त्यात फेरफार करणे नियमबाह्य; शब्द आधी ॲरेत उतरवून घ्यावा लागतो.

कारकून : मूळ दस्तऐवजाला हात न लावता नकलेवर काम करावे, हे ज्यांना उमजले, त्या रिचीसाहेबांनी कुठेतरी कारकुनी केली असली पाहिजे, अशी माझी खात्री आहे. बरे, आता देवनागरीतल्या 'द्वारके'तला 'र' काढून दाखव.

विद्यार्थी : तिथेच घोळ आहे. यूटीएफ-८ मध्ये द, हलन्त, व, काना, र, क, काना अशी सात चिन्हे, प्रत्येकी ३ बाइट, एकूण २१. आणि सीचा 'कॅर' म्हणजे अवघा एक बाइट. 'र'चा पहिलाच बाइट हुडकून काढायला गेलो, तर तोच बाइट सातही चिन्हांच्या माथ्यावर आहे.

कारकून : एका रकाराच्या अपराधापायी सबंध द्वारकेचा शिरच्छेद! आणि तिन्ही बाइट एकत्र ओळखून काढले तर?

विद्यार्थी : मग सुखरूप 'द्वाका' उरते.

कारकून : तर मग त्या 'द्वाका' थांब्याचीच दोन तिकिटे काढ; तिथे तरी रस्ता मोकळा असेल.