‘मधुमेही माता : बाळ एनआयसीयूत’ ही ओळ लिहिणाऱ्या साहेबांस



लेबर रूमबाहेरच्या टेबलावर काचेखाली तुमचा एक कागद आहे. ‘मधुमेही माता : बाळ एनआयसीयूत हलवणे.’ खाली सही, शिक्का. कारण लिहिलेलं नाही. कुणी विचारणारच नाही याची तुम्हाला खात्री असावी, आणि ती खरीही ठरली. पोटावर टाके पडत असताना बाई काय विचारणार? म्हणून आता विचारते.

माझं बाळ पूर्ण दिवसांचं होतं. जन्मल्याबरोबर खणखणीत रडलं, अंगाचा रंग चांगला, श्वास चांगला. मला गरोदरपणातला मधुमेह होता, तोही जेवणाच्या पथ्यावर आटोक्यात राहिलेला. पण तुमच्या ओळीला यातलं काही दिसत नाही. लहानपणापासून इन्सुलिन घेणारी बाई आणि सातव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी जिची शुगर १४० च्या पुढे गेली ती बाई, दोघी त्या ओळीच्या लेखी एकच. दोघींचीही बाळं उचला.

बाळाला धोका असतो हे मला ठाऊक आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं. नाळ कापली की साखर बंद होते, पण इन्सुलिन अंगात असतंच, आणि पहिल्या काही तासांत बाळाची शुगर खाली येते. ती फार पडली तर झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून लक्ष ठेवायलाच हवं. माझं भांडण लक्ष ठेवण्याशी नाही.

शुगर पडू नये म्हणून बाळाला काय लागतं? लवकर दूध आणि ऊब. गारठलेलं बाळ अंग गरम ठेवण्यात आपली साखर खर्च करतं. आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या बाळाचं अंग उबदार राहतं, शुगरही चांगली राहते, आणि तोंडाशी दूध असतं. तुम्ही काय केलंत? शुगर पडेल म्हणून बाळाला दूध देणाऱ्या बाईपासूनच उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलंत, वॉर्मरखाली ठेवलंत आणि बाटलीने पावडरचं दूध पाजलंत. मधुमेही आईला दूध उतरायला आधीच थोडा उशीर लागू शकतो. पहिल्या दिवशी बाळाने ओढणं तिला इतरांपेक्षा जास्त गरजेचं, आणि नेमकं तेच तुम्ही बंद केलंत.

संध्याकाळी नर्सताईंनी हाताने चीक कसा काढायचा ते दाखवलं. कुशीवर वळताना टाके ओढत होते. बऱ्याच वेळाने स्टीलच्या वाटीच्या तळाला पिवळा, चिकट, चमचाभरही नसलेला चीक जमला. मावशी वाटी झाकून वर घेऊन गेल्या आणि तशीच परत घेऊन आल्या. “आत घेत नाहीत, बाई. फीड होऊन गेलंय म्हणाले.” त्या स्वतःच ओशाळल्या होत्या. ओशाळायला तुम्ही हवे होतात.

ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका सांगते की मधुमेही आईचं बाळ आईजवळच राहावं; गुंतागुंत किंवा आजाराची लक्षणं असतील तरच हलवावं. जन्मानंतर ३० मिनिटांच्या आत पाजावं, मग दर दोन-तीन तासांनी, आणि पाजण्याआधीची शुगर किमान ३६ राहते का ते पाहावं. न्यूझीलंडमध्ये शुगर कमी झालेल्या बाळांच्या गालाच्या आतून ४० टक्क्यांची ग्लुकोज जेल चोळून पाहिली. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं की शुगरपायी एनआयसीयूत न्यावी लागणारी बाळं त्यामुळे कमी झाली. ऑस्ट्रेलियात इतर काही गुंतागुंत नसलेल्या मधुमेही बायकांना ३६ व्या आठवड्यापासूनच चीक काढून साठवायला शिकवलं आणि ते सुरक्षित ठरलं. हे मला नवव्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर मी वाटी भरून ठेवली असती.

परदेशाचं सोडा म्हणाल, तर दिल्लीचं सफदरजंग घ्या. पाच देशांतल्या ज्या अभ्यासात आईला जन्मापासून बाळाबरोबर अतिदक्षता विभागातच आणि बाळाला तिच्या छातीवर ठेवलं, त्यात हे सरकारी रुग्णालय होतं. बाळं एक ते १.८ किलोची. २०२१ साली निकाल आला : नेहमीच्या पद्धतीत १०० बाळांमागे साधारण १६ दगावत होती, तिथे १२. इतकी नाजूक बाळं आईच्या छातीवर ठेवता येतात, आणि माझं तीन किलोचं धडधाकट बाळ ठेवता येत नाही?

बाळाला धाप लागली असेल, झटके येत असतील, दिवस भरले नसतील, हृदयात दोष असेल, पाजूनही शुगर वर येत नसेल, तर जरूर न्या. मीच हात जोडून सांगेन, न्या. माझ्या बाळाच्या कागदावर यातलं एकही नव्हतं. शुगर पहिल्यापासून शेवटपर्यंत व्यवस्थित होती, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला खाली आणलं नाही. बिलात मात्र एनआयसीयूचा दिवस लागला. टाच टोचून शुगर बघायला एक ग्लुकोमीटर आणि एक पट्टी लागते. माझ्या खाटेशेजारी त्या पट्टीने वेगळा आकडा दाखवला असता का?

वॉर्डात नर्स कमी आहेत, दर दोन तासांनी कोण बघणार, असं तुम्ही म्हणाल. अडचण खरी आहे. मग ती कागदावर लिहा : ‘नर्स कमी आहेत, म्हणून बाळ नेतो.’ निदान बाईला कळेल की तिच्या शरीरात काही खोट नव्हती. मी तो सगळा दिवस माझ्यामुळे बाळाला काय झालं या विचारात काढला. त्याला काहीच झालेलं नव्हतं.

तो कागद काचेखालून काढा. नव्या कागदावर पाजण्याच्या आणि शुगर तपासण्याच्या वेळा लिहा, किती आकड्याखाली डॉक्टरांना बोलवायचं ते लिहा, आणि वर न्यायचंच झालं तर आईला खुर्चीवर बसवून सोबत न्यायचं हेही लिहा. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या ताईंना आठवा लागलाय, त्यांनाही शुगर आहे. त्या तुमच्याकडेच येणार आहेत.

कळावे.

बाळंतिणींच्या वॉर्डातली एक आई